डिस्ने वर्ल्डला जा, पण पार्कात जाऊ नका: रिसॉर्टवरच्या निवांत सुट्टीची आखणी

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड म्हटलं की डोळ्यांसमोर मॅजिक किंगडमचा किल्ला आणि रांगा येतात. पण फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ पसरलेल्या या सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या आवारात चार थीम पार्कांनी व्यापलेली जागा थोडीच आहे. बाकी सगळी तळी, कालवे, पाइनची झाडी आणि पंचवीसहून जास्त हॉटेलं. या हॉटेलांत उतरायला, त्यांच्या लॉबीत बसायला, होडीनं एका हॉटेलाहून दुसऱ्याला जायला पार्काचं तिकीट लागत नाही. मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या बरंच वर जातं, शिवाय पार्कात दिवसभरात दहाबारा किलोमीटर चालणं सहज होतं. भारतातून आलेले आई-बाबा, गुडघेदुखी असलेली आजी, तीन वर्षांच्या आतलं मूल, किंवा आधी दोनदा पार्क पाहून झालेली मंडळी बरोबर असतील तर पार्क वगळून चार-पाच दिवस राहणं हा खरोखर चांगला बेत आहे.

मात्र तो पार्काच्या सहलीसारखा आखला तर फसतो. हॉटेल कुठलं घ्यायचं, कुठल्या तासाला काय करायचं, पैसे कशावर घालायचे, या सगळ्याचं गणित इथे उलटं होतं.

हॉटेल निवडताना

डिस्नेच्या हॉटेलांचे दर तीन थरांत असतात: व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्स. डिलक्समध्येच स्वयंपाकघर असलेले व्हिलाही येतात. दरातला मोठा हिस्सा हा पार्काच्या जवळिकीचा असतो. काँटेम्पररी या हॉटेलाहून मॅजिक किंगडमच्या दारात दहा मिनिटांत चालत जाता येतं, म्हणून ते महाग. तुम्ही पार्कात जाणारच नसाल तर ही जवळीक तुमच्या उपयोगाची नाही. तिचे पैसे वाचवा आणि पूल, खोलीबाहेरचं दृश्य, स्वयंपाकघर किंवा शांतता यांवर घाला.

या हिशेबानं आमची पहिली पसंती अ‍ॅनिमल किंगडम लॉज. २००१ साली उघडलेलं हे हॉटेल बाकी सगळ्यांपासून लांब आहे, इथे फक्त बस येते, म्हणून पार्कवाले त्याच्याबद्दल कुरकुरतात. तुम्हाला त्याचं काही नाही. इमारतींच्या मधोमध गवताळ माळ राखलेत आणि त्यांवर जिराफ, झेब्रे, शहामृग असे तीसहून जास्त जातींचे दोनशेवर प्राणी-पक्षी वावरतात. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसलं की समोरून जिराफ जातो. पण एक खबरदारी घ्या: सगळ्या खोल्यांतून माळ दिसत नाही. बुकिंग करताना ‘सवाना व्ह्यू’ असं स्पष्ट लिहिलेली खोलीच घ्या. ‘पूल व्ह्यू’ किंवा ‘स्टँडर्ड व्ह्यू’ घेऊन तिथे गेल्यावर बदलून मागितली तर बहुतेक वेळा मिळत नाही. बजेट बसत नसेल तर दुसरीकडे उतरा आणि एक दुपार इथे या. लॉबीमागच्या सार्वजनिक कठड्यांवरून प्राणी कुणालाही पाहता येतात.

पोहणं हाच मुख्य उद्देश असेल तर यॉट क्लब किंवा बीच क्लब. दोघांचा मिळून असलेला ‘स्टॉर्मअलाँग बे’ हा पूल सुमारे तीन एकरांवर आहे. तळाशी खरी वाळू, संथ वाहणारा गोल प्रवाह, आणि मोडक्या जहाजावरून येणारी घसरगुंडी. या पुलावर फक्त त्याच हॉटेलांचे पाहुणे घेतात, दारात मनगटाची पट्टी तपासतात. एकंदरीतच डिस्नेत एका हॉटेलात राहून दुसऱ्याच्या पुलावर जाता येत नाही. ‘राहू स्वस्तात, पोहू तिकडे’ हा बेत इथे चालत नाही, म्हणून पूल पाहूनच हॉटेल ठरवा.

ज्येष्ठांसाठी अजून एक बारकावा पाहा: पुलाला समुद्रकिनाऱ्यासारखा उतरता काठ आहे का. शिडी न उतरता चालतच पाण्यात शिरता येतं, गुडघ्यांवर ताण येत नाही. पॉलिनेशियनचा लाव्हा पूल, अ‍ॅनिमल किंगडम लॉजचा उझिमा पूल, कॅरिबियन बीचचा मुख्य पूल आणि व्हॅल्यू थरातल्या आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनचा बिग ब्लू पूल यांना असा काठ आहे.

शांतता आणि वाजवी दर दोन्ही हवे असतील तर मॉडरेट थरातलं पोर्ट ऑर्लीन्स फ्रेंच क्वार्टर. मॉडरेट हॉटेलांत हे आटोपशीर, एक हजाराच्या आसपास खोल्या. कुठल्याही खोलीतून लॉबी पाच मिनिटांवर. शेजारचं रिव्हरसाइड आणि कॅरिबियन बीच इतके पसरलेत की लांबची खोली मिळाली तर नाश्त्यालाही बरीच पायपीट होते. कॅरिबियन बीच घेतलंच तर मुख्य इमारतीजवळची खोली ऑनलाइन चेक-इनच्या वेळी विनंतीत लिहा. विनंती मानतीलच असं नाही, पण लिहिली नाही तर नक्कीच मिळत नाही. फ्रेंच क्वार्टरहून नदीवाटे डिस्ने स्प्रिंग्जला होडी जाते, तीही फुकट.

घरचं जेवण हवं असणाऱ्यांनी एक बेडरूमचा व्हिला घ्यावा. ओल्ड की वेस्ट आणि सॅराटोगा स्प्रिंग्जमध्ये असे पुष्कळ आहेत. त्यात चार शेगड्यांची चूल, मोठा फ्रिज, भांडी, डिशवॉशर, कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र असतं. फोर्ट वाइल्डरनेसमधल्या केबिनांतही पूर्ण स्वयंपाकघर आहे आणि सहा माणसं मावतात. ‘स्टुडिओ’ नावाच्या व्हिलात मात्र फक्त मायक्रोवेव्ह, टोस्टर आणि छोटा फ्रिज. नावात व्हिला आहे म्हणून शेगडी असेल असं धरून कुकर नेऊ नका.

एक सूचना डॉल्फिन आणि स्वानबद्दल. ही हॉटेलं डिस्नेच्या आवारात असली तरी मॅरिएटकडे आहेत. पॉइंट साठवले असतील तर चांगलं, पण तिथे दर रात्रीचं ‘रिसॉर्ट शुल्क’ वेगळं लागतं. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत ते नसतं, आणि जानेवारी २०२३ पासून पाहुण्यांना रात्रभराचं पार्किंगही फुकट आहे. दोन्हींचे दर ताडून पाहताना हे धरा. संकेतस्थळावर दिसणाऱ्या दरात कर नसतो. तो सुमारे साडेबारा टक्के धरा, काही हॉटेलांत थोडा जास्त.

कधी जायचं

पार्कवाले गर्दी टाळायला तारखा शोधतात. तुम्ही हवा आणि खोलीचा दर पाहा. नाताळ ते नवीन वर्ष, ईस्टरच्या आसपासचे आठवडे, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा आणि नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण हे सर्वांत महाग दिवस. पार्कात न जाणाऱ्यानं या तारखांना जाण्यात काहीच अर्थ नाही. ईस्टर उलटल्यानंतरचा एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा उत्तम: पाण्यात उतरावंसं वाटेल इतकं ऊन, पण रोजचा पाऊस अजून सुरू झालेला नसतो. ऑक्टोबर अखेर ते थँक्सगिव्हिंगच्या आधीपर्यंतचे दिवसही चांगले.

जानेवारीचे दर स्वस्त दिसतात, पण थंडीची लाट आली तर दिवसाही स्वेटर लागतो. पूल साधारण २८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असतात. पाण्यात बरं वाटतं, बाहेर आल्यावर दात वाजतात. जून ते सप्टेंबर म्हणजे कोकणातल्या मे महिन्यासारखा घामटा, आणि दुपारी दोन-तीननंतर गडगडाट. वीज चमकली की जीवरक्षक सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात आणि पूल बराच वेळ बंद राहतो. मुलांच्या शाळेमुळे उन्हाळ्यातच जावं लागत असेल तर पोहणं सकाळीच उरकायचं, एवढं पक्कं ठरवा. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. पोहोचण्याच्या तारखेआधी सात दिवसांत ऑर्लँडोसाठी किंवा तुमच्या राहत्या गावासाठी वादळाचा अधिकृत इशारा लागला तर डिस्ने आपलं शुल्क न लावता तारीख बदलू देतं. विमानाचं तिकीट मात्र त्यात येत नाही.

बुकिंग

संकेतस्थळ तुम्हाला सारखं तिकिटांसह ‘पॅकेज’कडे ढकलतं. तुम्ही फक्त खोली निवडा. त्यात पैशांपलीकडचाही फायदा आहे: फक्त खोलीच्या बुकिंगला आधी एका रात्रीचं भाडं भरावं लागतं आणि पोहोचण्याच्या पाच दिवस आधीपर्यंत (ऑनलाइन केलं असेल तर सहा) रद्द केल्यास ते परत मिळतं. पॅकेजची मुदत तीस दिवसांची असते. म्हणून आवडलेली खोली लवकर धरून ठेवा आणि नंतर सवलत जाहीर झाली की त्याच तारखांना दर पुन्हा पाहा.

व्हिला स्वस्तात मिळवायचा एक मार्ग म्हणजे डिस्नेच्या व्हेकेशन क्लबच्या सभासदाकडून पॉइंट भाड्यानं घेणं. (या क्लबात आगाऊ पैसे भरणाऱ्यांना दरवर्षी पॉइंट मिळतात आणि ते व्हिलाच्या मुक्कामासाठी वापरता येतात.) बचत मोठी होते, पण असे व्यवहार बहुधा परतावा न देणारे असतात. भारतातून येणाऱ्या आई-बाबांचा व्हिसा अजून हातात नसेल तर या वाटेला जाऊ नका. शिवाय अशा मुक्कामात रोजची साफसफाई नसते.

पैसे भरण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्या तारखांना त्या हॉटेलाचा मुख्य पूल दुरुस्तीसाठी बंद नाही ना. डिस्ने अशा दुरुस्त्यांची सूचना त्या-त्या हॉटेलाच्या पानावर देतं. पार्कात जाणाऱ्याला बंद पूल चालून जातो, तुमची मात्र निम्मी सुट्टी त्यातच जाईल.

जेवणाच्या जागा साठ दिवस आधी उघडतात. हॉटेलच्या पाहुण्यांना पोहोचण्याच्या तारखेच्या साठ दिवस आधी एकदम पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं आरक्षण करता येतं. ऑनलाइन आरक्षण तिथल्या वेळेनं पहाटे सहाला सुरू होतं. भारतातून करायचं तर उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. मागच्या दिवसांची आरक्षणं आधी करा, कारण पहिल्या दिवसाची जागा सगळेच धरत असतात. बेत बदलला तर बहुतेक ठिकाणी दोन तास आधी रद्द करता येतं, नाहीतर माणशी दंड लागतो.

उलटं घड्याळ

या सुट्टीची खरी किल्ली इथे आहे. डिस्नेचं अख्खं आवार पार्काच्या वेळापत्रकावर चालतं. सकाळी सात ते नऊ बसथांबे आणि खाण्याचे काउंटर तुडुंब भरतात, कारण सगळ्यांना पार्क उघडायच्या आत पोहोचायचं असतं. नऊ वाजले की हॉटेल रिकामं होतं. दुपारी एक-दोनला थकलेली कुटुंबं परततात आणि पूल पाचपर्यंत भरलेला राहतो. रात्री आतषबाजी संपली की मोनोरेल, होड्या, बस सगळीकडे रांगा.

तुम्ही याच्या बरोबर उलट चाला. नाश्ता साडेनऊला. पुलावर दहा ते साडेबारा, तेव्हा आरामखुर्च्या हव्या तिथे मिळतात. भर उन्हात खोलीत झोप किंवा थंडगार लॉबीत पत्ते. साडेतीन-चारला बाहेर पडा, कारण त्या वेळी बसमध्ये जागा असते आणि दुसऱ्या हॉटेलांच्या लॉब्या शांत असतात. आतषबाजी ज्या भागात आहे तिथे तुम्ही त्या रात्री असाल, तर ती संपल्याबरोबर वाहन धरायला धावू नका. तिथेच आईस्क्रीम खात पाऊण तास बसा, तोवर गर्दी ओसरते.

दिवसाला बाहेरची एकच गोष्ट ठेवा. नकाशावर सगळं जवळ दिसतं, पण एका हॉटेलाहून दुसऱ्याला थेट बस नसते. आधी डिस्ने स्प्रिंग्ज किंवा एखाद्या पार्काच्या बाहेरचा बसथांबा गाठायचा, तिथे बस बदलायची. यात तास-दीड तास सहज जातो. दुपारी अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या ‘साना’ उपाहारगृहात जेवण आणि संध्याकाळी फोर्ट वाइल्डरनेसला शेकोटी असा बेत कागदावर छान दिसतो, प्रत्यक्षात आजी-आजोबा बसमध्येच दमतात. घाई असेल तेव्हा टॅक्सी करा. तिकिटांचे वाचलेले पैसे अशाच ठिकाणी कामी येतात. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत कायद्यानं बालआसन लागतं, टॅक्सी बोलावताना ते लक्षात ठेवा. डिस्नेच्या बसमध्ये ते लागत नाही.

विनातिकीट काय काय करता येतं

मोनोरेलची हॉटेल फेरी. काँटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन ही तीन हॉटेलं मोनोरेलनं जोडलेली आहेत आणि तिला पैसे पडत नाहीत. तुमच्या हॉटेलाहून मॅजिक किंगडमची बस घ्या, पार्काच्या दारात न शिरता बाहेरूनच हॉटेलांच्या मोनोरेलमध्ये चढा. बॅग तपासतात, तेवढं सोसा. काँटेम्पररीत गाडी चक्क इमारतीच्या पोटातून जाते. तिथे उतरून मेरी ब्लेअर यांनी रचलेलं सुमारे नव्वद फूट उंचीचं टाइल्सचं भित्तिचित्र पाहा. ग्रँड फ्लोरिडियनच्या लॉबीत बऱ्याच संध्याकाळी पियानो वाजत असतो आणि बसायला भरपूर सोफे आहेत. ग्रँड फ्लोरिडियन ते पॉलिनेशियन पाण्याच्या काठानं पायवाट आहे, रमतगमत पंधरा मिनिटं.

पॉलिनेशियनच्या वाळूवर सूर्यास्ताच्या आधी जाऊन बसलात तर पाण्यापलीकडे किल्ल्यावरची आतषबाजी दिसते. त्याच तळ्यातून रात्री नऊ ते दहाच्या सुमारास ‘इलेक्ट्रिकल वॉटर पेजंट’ निघतं: दिव्यांनी रेखलेले मासे, कासव, सागरी साप तराफ्यांवरून तरंगत जातात, सोबत संगीत. १९७१ साली डिस्ने वर्ल्ड उघडलं त्याच महिन्यात हे सुरू झालं आणि अजून चालू आहे. पार्कातल्या झगमगाटापुढे साधं वाटेल, पण चार वर्षांचं पोर आणि सत्तरीचे आजोबा दोघंही ते टक लावून पाहतात. वारा किंवा वीज असेल तर रद्द होतं, म्हणून पहिल्याच रात्री जा. हुकलं तर दुसरी संधी राहते.

फोर्ट वाइल्डरनेस म्हणजे साडेसातशे एकरांची झाडी, तंबू आणि केबिनांची जागा. संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी होतात, चिप आणि डेल ही डिस्नेची खारींची जोडी येते, नंतर उघड्यावर सिनेमा. प्रवेश फुकट. तिथे सगळे काड्यांना मार्शमॅलो टोचून भाजतात. शाकाहारींनी लक्षात ठेवा: नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं. जिलेटिन नसलेलं पाकीट भारतीय किंवा मोठ्या अमेरिकन दुकानातून आधीच आणा. बाहेरून भेटीला आलेल्यांच्या गाड्या आत नेऊ देत नाहीत, आतल्या बसनं फिरावं लागतं. त्यासाठी अर्धा तास जादा धरा. इथून वाइल्डरनेस लॉजला होडी जाते, आणि लाकडी ओंडक्यांची ती लॉबी, ८२ फूट उंचीची दगडी शेकोटी, हे बघण्यासारखं आहे.

स्कायलायनर ही २०१९ सालापासूनची हवेतली पाळण्यांची सेवा. कॅरिबियन बीच हे मधलं स्थानक. तिथून रिव्हिएरा, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनकडे जाता येतं. तिकीट नाही, एका पाळण्यात दहा माणसं. पाळण्यांत वातानुकूलन नाही, चालू असेपर्यंत वारा खेळतो पण मध्येच थांबला तर उकडतं, म्हणून भर दुपारी नको. सकाळी दहाला किंवा सूर्यास्ताला बसा. विजा असतील तर बंद राहतो, त्या दिवशी परतीचा मार्ग आधी विचारून ठेवा.

बोर्डवॉक ही तळ्याकाठची लाकडी फरसबंदी संध्याकाळी चालायला फार छान. चार जण मिळून पायडल मारायच्या गाड्या भाड्यानं मिळतात. जवळच फँटेशिया गार्डन्स हे मिनिगोल्फ आहे. दोन मैदानांपैकी ‘गार्डन्स’ हे मुलांसाठी, ‘फेअरवेज’ हे खऱ्या गोल्फसारखं आणि लहानांना कंटाळवाणं. उन्हात एकही सावली नाही, पाचनंतर जा.

डिस्ने स्प्रिंग्ज हे दुकानं आणि उपाहारगृहांचं गाव, प्रवेश आणि पार्किंग फुकट. शुक्रवार-शनिवारच्या रात्री टाळा. मंगळवार किंवा बुधवारी सकाळी अकराला गेलात तर मोकळं सापडतं. तिथून एखाद्या हॉटेलाकडे जाणाऱ्या बसमध्ये चढताना तिथला मुक्काम किंवा जेवणाचं आरक्षण दाखवायला सांगतात, त्यामुळे फोनची बॅटरी संपू देऊ नका.

वॉटर पार्क दोन आहेत, टायफून लगून आणि ब्लिझर्ड बीच. ते पार्कच, पण २०२५ साली डिस्नेनं हॉटेलच्या पाहुण्यांना पोहोचण्याच्या दिवशी फुकट प्रवेश देणं सुरू केलं. तुमच्या तारखांना ही सवलत लागू आहे का ते पाहा. असेल तर सकाळचं विमान घ्या. खोली दुपारी तीनला मिळते (व्हिला चारला), सामान बेल डेस्कवर, म्हणजे हॉटेलाच्या सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर ठेवा, आणि पोहण्याचे कपडे, टॉवेल, औषधं मात्र हातातल्या पिशवीत वेगळी काढून ठेवा. ती मोठ्या बॅगेत तळाशी राहिली की लॉबीत सगळं सामान उघडायची वेळ येते.

मिकीला किंवा त्याच्या मंडळींना भेटायचंच असेल तर पार्काची गरज नाही. काँटेम्पररीतलं ‘शेफ मिकीज’, बीच क्लबमधला ‘केप मे कॅफे’चा नाश्ता, रिव्हिएराच्या गच्चीवरच्या ‘टोपोलिनोज टेरेस’चा नाश्ता, पॉलिनेशियनमधल्या ‘ओहाना’च्या नाश्त्याला लिलो आणि स्टिच: सगळीकडे पात्रं टेबलाशी येऊन मुलांबरोबर फोटो काढतात. तीन वर्षांखालच्या मुलांना बुफेत पैसे पडत नाहीत, तीन ते नऊ मुलांचा दर. सकाळी साडेदहाच्या आसपासची वेळ घ्या: नाश्ता आणि जेवण एकातच होतं, आणि खर्चही एकदाच.

खाणं, विशेषतः शाकाहारींचं

मेन्यूत पानाचं चिन्ह असेल तो पदार्थ ‘प्लांट-बेस्ड’, म्हणजे मांस, अंडं, दूध, मध काहीच नाही. अंडं न खाणाऱ्यांना हे चिन्ह सर्वांत सोपं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर अंडं चालतं असं तिथे गृहीत धरतात; पॅनकेक आणि मिकीच्या आकाराच्या वॉफलमध्ये ते असतंच. आरक्षण करताना आहाराची नोंद करा आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगा. बुफेत विचारलं तर शेफ स्वतः येऊन कशात काय आहे ते दाखवतो. अजिबात संकोच करू नका, त्यांना याची सवय आहे.

अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी भागातलं ‘साना’ हे उपाहारगृह आपल्या लोकांसाठी जणू आणलेलंच आहे. आफ्रिकी जेवणाला भारतीय फोडणी. तिथली ‘ब्रेड सर्व्हिस’ मागवा: नान, कुलचा, पराठा आणि सोबत चटण्या, लोणची, रायतं यांच्या छोट्या वाट्यांची ओळ. चौघांत दोन मागवल्या तर पोट भरतं. दुपारचंच आरक्षण घ्या. खिडकीबाहेर माळावर जिराफ चरत असतात, आणि अंधार पडल्यावर तिथे जाऊन काचेत आपलाच चेहरा दिसतो.

रोज बाहेरचं खाऊन चौथ्या दिवशी ज्येष्ठांना वरण-भात आठवतोच. साध्या खोलीत छोटा फ्रिज आणि कॉफीचं यंत्र असतं, मायक्रोवेव्ह नसतो. तो हॉटेलाच्या फूड कोर्टात असतो. कॉफीच्या यंत्राच्या गरम पाण्यात तयार उपमा, पोहे, इन्स्टंट खिचडी होते. खोलीत इंडक्शन किंवा राइस कुकर लावू नका, धुराचा इशारा वाजला तर अख्खा मजला खाली उतरतो. दूध, दही, फळं, ब्रेड इन्स्टाकार्टसारख्या सेवेतून हॉटेलात मागवता येतात. ऑर्डरवर बुकिंगमधलंच नाव लिहा, वेगळं असेल तर बेल डेस्कवर शोधाशोध होते. फूड कोर्टात बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका. सहा किंवा जास्त माणसं असतील तर बिलात १८ टक्के टिप आधीच धरलेली असते. बिल नीट न वाचता वर आणखी टिप लिहिली जाते, ही नेहमीची चूक.

पाणी आणि मुलं

मुख्य पुलावर जीवरक्षक असतात आणि लाइफ जॅकेट फुकट मिळतं. आतल्या बाजूच्या छोट्या शांत पुलांवर जीवरक्षक नसतात. ते वाचायला, पडून राहायला उत्तम, पण पोहता न येणाऱ्या मुलांना तिथे क्षणभरही एकटं सोडू नका. डायपर घालणाऱ्या मुलांना पोहण्याचा वेगळा डायपर सक्तीचा आहे. दोन-तीन घरूनच न्या, हॉटेलाच्या दुकानात महाग पडतात.

तळ्यांना वाळूचे किनारे आहेत, झोपाळे आहेत, पण पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. फ्लोरिडातल्या गोड्या पाण्यात सुसरींसारखे अ‍ॅलिगेटर असतात. काठावर दगडांची रांग आणि फलक त्यासाठीच आहेत. मुलांना पहिल्याच दिवशी फलक दाखवून सांगा, आणि अंधार पडल्यावर काठापासून लांबच बसा.

मुलांशी आणखी एक गोष्ट घरून निघतानाच बोलून घ्या. बसवर पार्कांची नावं, दुकानांत बाहुल्या, लिफ्टमध्ये मिकीचे कान घातलेली पोरं, हे सगळं दिसणारच. ‘या वेळी आपण पार्कात जाणार नाही’ हे तिथे पोहोचल्यावर कळलं तर रडारड होते आणि तिसऱ्या दिवशी घाईत तिकिटं काढली जातात. ही सर्वांत महाग चूक, कारण अर्धा दिवस गेल्यावरही एका दिवसाचं तिकीट पूर्ण दरानंच पडतं. मूल सहा-सात वर्षांचं असेल आणि कधीच पार्क पाहिलेला नसेल, तर खरं सांगायचं तर हा बेत त्याच्यासाठी नाही. त्याला आधी एकदा पार्क दाखवा.

शेवटच्या दिवशी खोली अकराला सोडावी लागते. विमान संध्याकाळचं असेल तर सामान बेल डेस्कवर देऊन तुमच्या हॉटेलाचा पूल त्या दिवशीही वापरता येतो. पुलाजवळ बहुतेक ठिकाणी कपडे बदलायला जागा असते, शॉवर आहे का ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी हाताशी ठेवा, आणि ऑर्लँडो विमानतळासाठी विमानाच्या किमान साडेतीन तास आधी निघा. रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा असला तरी तिथल्या सुरक्षा तपासणीची रांग सुट्टीच्या दिवसांत फार लांबते.